पोहे बसने खाल्ले का?

इंदूरच्या मराठी घरातल्या कुठल्याही मुलाला विचारा, 'पोहे खाऊन बस आली' हे वाक्य बरोबर आहे का? तो लगेच म्हणेल, छे, पोहे बसने खाल्ले का? गल्लीतल्या हिंदीत 'पोहे खाकर बस आई' म्हणून बघा, तेही त्याला खटकेल. 'खाऊन'चा आणि वाक्याचा कर्ता एकच हवा, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. 'पाऊस पडून रस्ता खचला' असे अपवाद आहेत, पण त्याचा कान तेही ओळखतो.

हाच मुलगा इंग्रजीच्या पेपरात लिहितो, 'वॉकिंग टू राजवाडा, द रेन केम.' त्यावर लाल रेघ पडते आणि का पडली ते त्याला कळत नाही. इंग्रजीच्या हिशेबाने इथे पाऊसच चालत राजवाड्याला निघालेला असतो.

चूक 'ताना'मधून येते. 'राजवाड्याकडे जाताना पाऊस आला' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, कारण 'जाताना'ला वेगळा कर्ता चालतो. वाक्याच्या सुरुवातीचं 'वॉकिंग' मात्र आपल्या 'ऊन'सारखं कडक असतं. मुलगा त्याचा अर्थ 'ताना' असा लावतो आणि सूटही 'ताना'चीच घेतो. अशा वेळी कर्ता उघडपणे सांगावा: 'ॲज आय वॉज वॉकिंग टू राजवाडा, इट बिगॅन टू रेन.'

हे 'वॉकिंग' म्हणजे इंग्रजीतलं पार्टिसिपल, आपलं धातुसाधित. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ 1911 साली आला. एवढी पुंजी घरात असताना शाळेत पार्टिसिपलची प्रेझेंट, पास्ट, परफेक्ट ही तीन नावं नुसती घोकून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'उकळणारं पाणी' म्हणजे बॉइलिंग, 'उकळलेलं पाणी' म्हणजे बॉइल्ड. 'णारा' आणि 'लेला' यांतला हा फरक एकदा दाखवला, की 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे 'मी कंटाळा आणणारा आहे' हे मुलाला आपोआप उमगतं. कंटाळलेला माणूस 'बोअर्ड' असतो.

एका बाबतीत मात्र 'ऊन'वर विसंबू नये. 'सराफ्यात जाऊन, भुट्ट्याचा कीस खाऊन, शिकंजी पिऊन घरी आलो' ही माळ मराठीत सहज ओवली जाते. इंग्रजीत तीन वेळा 'हॅविंग' लिहिलं तर वाक्य गुदमरतं. तिथे साधी क्रियापदं घ्यावीत: गेलो, खाल्लं, प्यालो, आणि शेवटच्या 'आलो'आधी एक 'अँड'.