वाडवडिलांची बंदूक घासण्यापूर्वी

खंडेनवमी जवळ आली की जुन्या घरांतून शस्त्रे बाहेर निघतात. तलवार, कट्यार आणि परवाना असलेल्या घरी बंदूकही पूजेसाठी स्वच्छ केली जाते. चिंच, राख, पितळेचे पॉलिश आणि अखेरीस पॉलिश पेपर, असा हा ठरलेला क्रम. तासाभरात लोखंड लखलखते. त्या तासाभरात काय गेले, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

नळीवरचा निळसर काळा रंग म्हणजे मळ नव्हे. तो लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असून कारागिराने तो मुद्दाम चढवलेला असतो. हा थर तेल धरून ठेवतो. तांबडा गंज याच्या नेमका उलट. तो भुसभुशीत असतो, ओलावा धरतो आणि आतले लोखंड खात जातो. पॉलिश पेपरला हा भेद कळत नाही. तो दोन्ही खरवडतो, आणि उघडे पडलेले पोलाद कोकणातल्या खाऱ्या हवेत झपाट्याने गंजू लागते. बोटांच्या घामातले मीठही त्याला पुरते.

जुन्या दुनळी बंदुकांच्या काही नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून सांधलेल्या असत. त्यांवरची नागमोडी नक्षी रासायनिक प्रक्रियेने उठवलेली असते. घासली की ती पुसट होते. खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसवलेली सोन्याची कोफ्तगिरी तर याहून नाजूक.

हौसेखातर होणारे आणखी एक नुकसान थेट कायद्याच्या कक्षेत येते. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह नष्ट करणे, बदलणे निषिद्ध आहे. परवान्यातील क्रमांक नळीवर वाचता येईनासा झाला, तर ‘चकाकी आणत होतो’ हे उत्तर पोलिसांना पटवणे सोपे नाही.

आणि या सर्वांआधीची गोष्ट म्हणजे ठासणीची बंदूक रिकामी आहे, असे गृहीत धरू नये. पिढ्यान् पिढ्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीतही दारू ठासलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. ती तपासण्याचे काम परवानाधारक कारागिराचेच.

तपासणीनंतर घरी करण्याजोगे काम थोडेच उरते. सुती हातमोजे घालावेत, कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, पातळ खनिज तेलाचा हलका हात फिरवावा आणि जादा तेल टिपून घ्यावे. पूजेतले हळदकुंकू व पाण्याचे थेंब त्याच दिवशी पुसून काढावेत. बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवू नये; चामडे ओलावा धरून ठेवते.