जुन्या खेळांचा छंद आणि बटण सेलचा धोका

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे जमवावीत, तसे काही हौशी मंडळी हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम जमवतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम अँड वॉच’ १९८० साली आला, तर ‘गेम बॉय’ १९८९ साली. छंद विरंगुळा देणारा आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत.

मूळ गेम बॉयच्या पडद्यामागे दिवा नव्हता. त्यामुळे अंधुक उजेडात तो डोळ्यांजवळ धरला जातो, पापण्या कमी लवतात आणि डोळे चुरचुरतात. भरपूर उजेडात खेळावे, अधूनमधून लांब पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यास काही दिवस खेळ थांबवावा.

यंत्रात विसरलेले अल्कलाइन सेल पाझरतात. तो पांढरा थर दाहक असतो. हातमोजे घालूनच पुसावा.

सर्वांत मोठा धोका बटण सेलचा. गेम अँड वॉचमध्ये आणि गेम बॉयच्या काही कॅसेटमध्ये तो असतो. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. संपलेला सेलही निरुपद्रवी नसतो. अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये, उलटी करवू नये, ‘शौचावाटे पडेल’ म्हणून केळी चारत बसू नये. तडक रुग्णालय गाठून एक्स-रे काढून घ्यावा.

काढलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून कुलपात ठेवावा. खेळ मुलांना जरूर दाखवा. सेल मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.