न हलणाऱ्या हिरव्या पट्ट्या

काही वर्षांपूर्वी पडेगावच्या एका शाळेतील दहावीची दोन मुले माझ्याकडे आली. शाळेचा जुना संगणक फार मंद झाला होता. मुलांनी त्याची हार्ड डिस्क 'डीफ्रॅगमेंट' केली, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र जुळवले. तरी पडद्यावरील नकाशात काही हिरव्या पट्ट्या जागच्या हलेनात. विंडोज एक्सपीच्या या नकाशात हिरवा रंग म्हणजे 'न हलवता येणारी फाइल'. "डिस्क बिघडली, सगळी पुसून टाका," असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. पण मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठीच्या वर्षभराच्या नोंदी तिच्यावरच होत्या!

आधी फाइलीचे तुकडे का पडतात ते पाहू. समजा, तुम्ही पाच मित्र पडेगावला वेरूळच्या एस.टी.त चढलात. शेजारी शेजारी पाच जागा रिकाम्या नसतील, तर मिळेल तिथे बसाल. मग तिकिटे फाडण्यासाठी कंडक्टरला गाडीभर फिरावे लागेल. डिस्कवरही जुन्या फाइली पुसल्या की मधूनमधून जागा रिकाम्या होतात आणि नवी मोठी फाइल त्यांत तुकड्यातुकड्यांनी बसते. इथला कंडक्टर म्हणजे चकतीवर सरकणारे वाचनशीर्ष.

या फिरण्याला किती वेळ लागतो? चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १२० फेरे होतात. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. शीर्ष सरकण्याचे सुमारे ९ धरले, तर एका तुकड्यामागे १३ मिलिसेकंद झाले. फाइलीचे ५०० तुकडे असतील, तर साडेसहा सेकंद नुसत्या धावपळीत गेले!

साधी फाइल हलवणे सोपे असते. तुकडा नव्या जागी उतरवायचा आणि सूचीतील पत्ता बदलायचा. पण काही फाइलींचे तसे नसते. स्मृती अपुरी पडली की संगणक तिच्यातील मजकूर डिस्कवरील 'पेजफाइल'मध्ये ठेवतो. संगणक सुरू होतानाच तिचे पत्ते स्मृतीत घेतले जातात आणि पुढे सूची न पाहता थेट त्या पत्त्यांवर ये-जा चालते. मध्येच ती हलवली, तर जुन्या पत्त्यावर भलताच मजकूर हाती लागेल आणि सगळा कारभार कोसळेल. आपण ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्यासारखे हे झाले. एस.टी.तले प्रवासी चालत्या गाडीत जागा बदलू शकतात. ड्रायव्हरला मात्र गाडी थांबल्यावरच उठता येते. म्हणूनच पेजफाइल जुळवायची, तर ती वापरात येण्यापूर्वी, संगणक सुरू होतानाच जुळवावी लागते.

याखेरीज अगदी साधी फाइलही कधी अडून बसते. तिच्याएवढी सलग मोकळी जागा डिस्कवर नसेल, तर ती जुळवायची कुठे?

मग हिरव्या पट्ट्यांनी नुकसान किती होते? फारच थोडे. पेजफाइलमधून मजकूर मुळातच लहान लहान घासांनी वाचला जातो. तिचे चार-पाच तुकडे असले, तरी फरक जाणवत नाही. विंडोज ७ मध्ये तर ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे जुळवायचेच नाहीत, असे ठरवून दिले होते. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कला असा तुकडा वाचण्यास ६४० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे १३ म्हणजे जेमतेम २ टक्के! आजच्या एसएसडीत तर चकती नाही आणि सरकणारे शीर्षही नाही. तिथे तुकडे जुळवून लाभ नाही, उलट वारंवार लिहिल्याने झीज मात्र होते.

मुलांच्या संगणकाचे दुखणे वेगळेच निघाले. त्याची स्मृती अपुरी होती, म्हणून तो सतत पेजफाइलकडे धावत होता. मुलांनी आधी नोंदींची प्रत दुसरीकडे काढून ठेवली, मग स्मृतीची जादा पट्टी बसवली. संगणक चालू लागला. हिरव्या पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या!

आता मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीसाठी अर्ध्या फेऱ्याचा वेळ तुम्ही काढून पाहा.