गंगावनाची निवड आणि पहिली तिपेडी वेणी
वेणीला लांबी किंवा जाडी यावी म्हणून जोडल्या जाणाऱ्या केसांच्या झुपक्याला गंगावन म्हणतात, आणि ते घेताना रंगाच्याही आधी ते कशाचे बनले आहे हे पाहावे. मानवी केसांतील उत्तम प्रकार ‘रेमी’ या नावाने विकला जातो. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते, आणि रेमी केसांत त्या खवल्यांची दिशा मुळाकडून टोकाकडे अशी एकच राखलेली असल्याने केस परस्परांत गुंतत नाहीत. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेले आणि देवस्थानाने लिलावात विकलेले केस हा या व्यापाराचा मोठा स्रोत आहे. कृत्रिम धाग्याचे गंगावन स्वस्त पडते, मात्र ते उष्णतारोधक नसल्यास केस सरळ करण्याच्या तापत्या यंत्राने वितळते. जड गंगावन रोज घट्ट बांधल्यास मुळांवर ताण येऊन कपाळालगतचे केस विरळ होऊ लागतात, म्हणून नवशिक्यांसाठी हलके गंगावनच निःसंशय श्रेयस्कर होय.

गुंफणीचा आरंभ तिपेडीने, म्हणजे तीन पेडांच्या वेणीने करावा. गंगावन मानेजवळ पक्के करून त्याचा एकेक पेड स्वतःच्या केसांच्या एकेका पेडात मिसळावा. मग उजवा पेड मधल्यावरून आणि नंतर डावा पेड नव्या मधल्यावरून आणत जावे. खरे कौशल्य तिन्ही पेडांवरील ताण सारखा राखण्यात आहे, आणि तो हाताला साधेपर्यंत चौपेडी वेणीची घाई करू नये.