बंद वर्गखोल्यांचे दुसरे आयुष्य

पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी दरमहा पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत एका खुर्चीपुरती जागा मिळवितात. जुन्या महाविद्यालयांच्या आवारात मात्र एखादी मोडीत निघालेली प्रयोगशाळा, वसतिगृहाची मागील चाळ किंवा कालबाह्य कार्यशाळा वर्षानुवर्षे कुलुपात असते. या दोहोंची सांगड घालणे वाटते तितके सोपे नाही. पण अशक्यही नाही. खुद्द पुण्यातच त्याचे मोठे उदाहरण आहे.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची वास्तू सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभी राहिली आणि १८६८मध्ये कॉलेज तेथे आले. लोकमान्य टिळक, आगरकर तेथेच शिकले. १९३४मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा सुरू झाले. परंतु ते पदवी शिक्षणाचे कॉलेज म्हणून नव्हे, तर पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्याच वर्षी संस्थेत रुजू झाले. साताऱ्याच्या पारसनीस संग्रहातील ऐतिहासिक कागदपत्रांनाही येथे आसरा मिळाला. १९४८मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. टिळकांची खोली स्मारक म्हणून जपली गेली, हे योग्यच झाले. तथापि वास्तू तगली ती तेथे रोज कामाला येणाऱ्या माणसांमुळे.

चिठ्ठ्या आणि ग्रंथांनी भरलेली दालने पाहताना एक तांत्रिक बाब सहसा ध्यानात येत नाही. वर्गाची जमीन आणि ग्रंथांच्या रॅकखालची जमीन यांच्यावरचा भार सारखा नसतो. भारतीय मानकानुसार वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार गृहीत धरतात. ग्रंथसंचयाच्या दालनासाठी तोच किमान ६०० किलो. म्हणजे वरच्या मजल्यावरील रिकाम्या वर्गात थेट ग्रंथालय थाटणे धोक्याचे ठरू शकते. लाकडी तुळयांची जमीन असेल, तर अधिकच. वाचनासाठी टेबल-खुर्च्या वर आणि कपाटे तळमजल्यावर, एवढ्या साध्या फेरबदलानेही पुष्कळदा काम भागते. तरीही संरचना अभियंत्याची तपासणी टाळता येत नाही.

दुसरा शत्रू ओल. बंद इमारतीत खिडक्या उघडत नाहीत, पन्हळीत पाला साचतो आणि पावसाचे पाणी भिंतीत मुरते. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला, की आतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. वर रंगाचा हात फिरविला की उद्घाटनापुरते सारे सुंदर दिसते. पहिल्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळणे कठीण, म्हणून खर्च वाढतो. पण तो दोनदा करावा लागत नाही.

जुने काम तसेच ठेवूनही वास्तूला नवी उभारी देता येते, हे मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात दिसले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या ग्रंथालयाचा आणि राजाबाई टॉवरचा जीर्णोद्धार २०१५मध्ये पूर्ण झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यासाठी आर्थिक साह्य दिले आणि २०१८मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत या कामाची सन्माननीय नोंद झाली. रंगीत काचांइतकेच महत्त्वाचे हे, की ग्रंथालय ग्रंथालयच राहिले.

अशी देणगी सर्वांच्या वाट्याला येत नाही. शिवाय देणगीदाराला नवी फरशी आणि नामफलक दिसतो. पुढच्या दहा वर्षांचे वीजबिल दिसत नाही. जुन्या प्रयोगशाळेची अभ्यासिका करून ती रात्री उशिरापर्यंत चालवायची, तर मुलींसाठी स्वच्छतागृह हवे, अपंगांसाठी उतार हवा, संकटात बाहेर पडायला दुसरे दार हवे आणि दिवे मालवून कुलूप लावणारा पहारेकरी हवा. दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर होताना या पहारेकऱ्याच्या पगाराचे लेखाशीर्ष कोणते, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.