वासराचे दूध कधी तोडावे?

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसाय आजही मुख्यतः दोन-चार ते आठ-दहा जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांच्या बळावर उभा आहे, आणि संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ घालायच्या दुधात पहिला वाटा गोठ्यातल्या वासराचा असल्यामुळे त्याला किती व किती दिवस दूध पाजायचे हा प्रश्न अशा घरात थेट घरखर्चाशी जाऊन भिडतो. जन्मतः ३० किलो भरलेल्या संकरित कालवडीला वजनाच्या एक-दशांश, म्हणजे रोज ३ लिटर, या रूढ मापाने दहा आठवडे दूध दिले तर ते २१० लिटर होते. हा हिशेब मनात असलेला पशुपालक दूध लवकर तोडू पाहतो, यात गैर काही नाही. चुकते ते वेळ ठरवण्याचे माप, कारण बहुतेक गोठ्यांत ते वासराच्या वयावरून ठरते, खाण्यावरून ठरत नाही.

दूध तोडण्याची पूर्वतयारी जन्माच्या दिवशीच सुरू होते. गाय-म्हशींच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, गर्भापर्यंत पोहोचत नाहीत; वासराला ती व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधातून, अर्थात चिकातून, मिळवावी लागतात. ही प्रथिने न पचता आतड्यातून सरळ रक्तात जाण्याची सोय जन्मानंतर तासागणिक कमी होत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. त्यामुळे पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर आणि पुढच्या आठ-दहा तासांत तितकाच चीक पोटात जाणे आवश्यक असते, आणि वार पडल्याशिवाय चीक पाजू नये ही अनेक घरांत अद्याप पाळली जाणारी समजूत वासराच्या जिवावर बेतते, कारण वार पडायला कित्येकदा आठ-दहा तास लागतात. चीक वाफवला की घट्ट होऊन त्याचा खरवस होतो तो त्यातील प्रथिने उष्णतेने थिजतात म्हणून, आणि वासराला हवी असलेली प्रतिपिंडे त्यांतच असतात. शेजारीपाजारी खरवस जरूर पोचवावा, पण तो वासराचे पोट भरल्यानंतर उरलेल्या चिकाचा असावा. द्राक्षबागायतदारांच्या घरी गोडी मोजण्यासाठी असलेला रिफ्रॅक्टोमीटर इथेही उपयोगी पडतो: चिकाचा थेंब त्यावर ठेवून ब्रिक्सचा आकडा २२ किंवा त्याहून अधिक दिसला, तर चीक कसदार समजला जातो.

यापुढचा सगळा विषय पोटाच्या रचनेचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चार कप्पे असतात: चारा आंबवणारे कोटीपोट, त्याला लागून असलेले जाळीपोट, पाणी शोषणारे पडदेपोट आणि पाचकरस स्रवणारे चौथे, खरे पोट. मोठ्या गायीत कोटीपोट सर्वांत मोठे असते, तर नवजात वासरात खरे पोट मोठे आणि कोटीपोट लहान व निष्क्रिय असते. वासरू दूध चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली स्नायूंची पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध कोटीपोटाला वगळून खऱ्या पोटात उतरते, तिथे कायमोसिन नावाच्या विकरामुळे ते थिजते व सावकाश पचते. याचा सरळ अर्थ असा की दूध कितीही पाजले तरी त्याने कोटीपोट वाढत नाही. ते वाढते खुराकाने: धान्य जिवाणूंकडून आंबले की ब्युटिरिक आम्ल तयार होते आणि त्याच्या उत्तेजनाने कोटीपोटाच्या आतील आवरणावर टॉवेलच्या धाग्यांसारखे दाट अंकुर फुटतात, ज्यांतून पुढे आयुष्यभर अन्नरस शोषला जातो. वाळलेला चारा कोटीपोटाचा आकार व स्नायू वाढवतो, पण अंकुर वाढवण्याचे काम एकट्या चाऱ्याने होत नाही. जिवाणूंना पाणीही लागते, आणि दुधातले पाणी कोटीपोटात जातच नसल्याने पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाण्याची वेगळी बादली ठेवावी लागते. दूध पिणाऱ्या वासराला पाणी कशाला, असे म्हणणारे गोठे थोडे नाहीत.

हा खुराक, ज्याला बाजारात काफ स्टार्टर म्हणतात, मका भरडा, सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण व मीठ यांपासून घरीही करता येतो. त्यात प्रथिने सुमारे २० टक्के असावीत आणि युरिया मुळीच नसावा, म्हणून मोठ्या जनावरांचे पशुखाद्य पुढे सरकवून भागत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पिऊन झाल्यावर मूठभर खुराक ओल्या तोंडाला चोळला की वासरू चाटायला शिकते. ज्या दिवसापासून ते सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाईल, त्या दिवसापासून आठ-दहा दिवसांत दूध उतरवत बंद करावे, आधी संध्याकाळचे आणि मग सकाळचे. चांगल्या गोठ्यात ही वेळ आठव्या-दहाव्या आठवड्यात येते. शिंगांच्या कळ्या जाळणे, लस टोचणे किंवा दावण बदलणे यांपैकी काहीही याच पंधरवड्यात करू नये.

म्हशींच्या बाबतीत अडचण वेगळी आहे, कारण पारडू पुढे आल्याशिवाय अनेक म्हशी पान्हा सोडत नाहीत आणि त्यामुळे ते केवळ पान्ह्यापुरते लावले जाते, भरपेट पाजले जात नाही; नर रेडकाची तर उपासमार इतकी होते की ते मेल्यावर पेंढा भरलेले त्याचे कातडे म्हशीपुढे ठेवण्याची पद्धत पडली. जन्मापासून पारडू वेगळे ठेवून हाताने पाजल्यास म्हैस कास धुण्याच्या व आंबोणाच्या सवयीवर पान्हा सोडू लागते, मात्र ही सवय पहिल्या वेतापासून लावावी लागते. पारडांना मोठे गोलकृमी आईच्या दुधातूनच होतात, तेव्हा दहा ते चौदा दिवसांच्या आत जंताचे पहिले औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. हगवण लागली तर दूध तोडण्याऐवजी दोन पाजण्यांच्या मध्ये मीठ-साखरेचे पाणी द्यावे, कारण वासरू बहुधा अंगातले पाणी आटूनच दगावते.

एवढे केल्यावर वासरू खरोखर वाढते आहे की नाही हे नजरेने ठरवता येत नाही, कारण जंतांनी सुटलेले पोटही भरल्यासारखे दिसते. शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी, घेराला घेराने व मग लांबीने गुणून ६६० ने भागावे, म्हणजे वजनाचा किलोमधील अंदाज मिळतो; घेर ३६ आणि लांबी ३२ इंच असेल तर तो सुमारे ६३ किलो येतो. संकरित कालवडीने रोज ४०० ते ५०० ग्रॅम वाढावे अशी अपेक्षा असते. दूध बंद केल्यानंतरच्या पंधरवड्यात हा आकडा जागचा हलला नाही, तर दूध घाईने तोडले गेले असे समजून ते आणखी दोन आठवडे पुन्हा सुरू करावे.