आधी ए-फ्रेम, मग कुदळ

लेखांक चौथा

सेवेला पदक हवंच कशाला, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या ठसक्यात विचारला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात तो विचारणाऱ्याला पुरावेही हाताशी असतात. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही श्रमदानाची दोन मोठी नावं याच जिल्ह्यातली, आणि तिथे चर खोदणाऱ्यांच्या छातीवर कुणी काही टाचलं नव्हतं. मग शाळेतल्या स्काऊटच्या बाहीवर शिवलेल्या कापडी पदकांचं करायचं काय?

हे पदक मुळात कशासाठी निघालं, ते आधी पाहू. गोष्ट मेरठची आहे. १८९७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल तिथल्या ब्रिटिश घोडदळाच्या पाचव्या ड्रगून गार्ड्स पलटणीचा प्रमुख होता. टेहळणीचं शिक्षण पुरं करणाऱ्या सैनिकांना त्याने गणवेशावर लावायला एक खूण दिली. होकायंत्रात उत्तर दिशा दाखवणारं टोक असतं, त्याच आकाराची. शौर्याशी तिचा संबंध नव्हता. या माणसाला अनोळखी मुलखात वाट काढता येते, एवढंच ती सांगायची. पुढे १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरलं, चळवळ उभी राहिली आणि हीच खूण तिचं बोधचिन्ह झाली. म्हणजे बक्षीस म्हणून नव्हे, तर 'याला हे काम येतं' असा दाखला म्हणून पदक जन्माला आलं.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या पायऱ्या आजही त्याच धाटणीच्या आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. वाटेत गाठी, बांधणी, प्रथमोपचार, नकाशावाचन, अंदाज बांधणं, चुलीवरचा स्वयंपाक. शिवाय प्रावीण्य पदकं वेगळी. त्यातलं पाथफाइंडर मिळवायचं तर आपल्या गावाची खडान्‌खडा माहिती हवी. दवाखाना, पोलीस ठाणं, रस्ते, परक्या माणसाला न गोंधळता वाट सांगणं. 'खरी कमाई' हा आणखी एक प्रकार. मुलाने अंगमेहनतीचं काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.

कागदावर हे सगळं देखणं आहे. शाळेत मात्र पुष्कळदा स्कार्फ, शिट्टी आणि प्रजासत्ताक दिनाचं संचलन यापलीकडे गाडी जात नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून फाइल तयार होते, गाठ मात्र सुटते. दोष पदकाचा नाही. न बघता शिक्का मारणाऱ्याचा आहे.

महाविद्यालयात हेच पदक तासांच्या हिशेबात येतं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमधून सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास तयार असल्याची खूण. प्रत्यक्षात अट आहे दोन वर्षांत २४० तासांची आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिराची. तास भरले की काम झालं. त्या तासांत नेमकं काय घडलं, हे हजेरीपट कधीच विचारत नाही.

आणि नगरच्या माळरानावर ते विचारावंच लागतं. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथल्या हिवाळी शिबिरांचं ठरलेलं काम म्हणजे डोंगरउतारावर सलग समतल चर. त्यातला 'समतल' हा शब्द शोभेचा नाही. चर सपाटीत असेल तर पावसाचं पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. एका बाजूला कलला तर तेच पाणी खालच्या टोकाला धाव घेतं, बांध फोडतं आणि सोबत माती नेतं. पन्नास पोरांनी हाताला फोड येईपर्यंत खोदलेला चर असा उलटा डोंगर धुऊन नेऊ शकतो.

सपाटी काढायचं साधन पैशाला महाग नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याला एकत्र बांधायच्या, मधे एक आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला लोंबता दगड. ही झाली ए-फ्रेम. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीची खूण करायची, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुढची खूण. या काठ्या घट्ट बांधायला जी बांधणी लागते, ती सोपानांतल्या स्काऊटने शिकलेली असते. पण त्याला उतारावर कुणी बोलावत नाही, आणि शिबिरातल्या कुदळवाल्यांना बांधणी येत नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा गावकऱ्यांचं प्रशिक्षण आधी आणि श्रमदान नंतर, हा क्रम सोडला नाही. राळेगणलाही अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर काम हाती घेतलं, ते पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी केलेलं काम पाहून, समजून घेऊन.

जामखेडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांमधून आरोग्यसेविका घडवल्या, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी जाऊन ते करून पाहत आणि पुन्हा शिकायला येत. गावागावांतल्या तरुण शेतकऱ्यांची मंडळंही उभी राहिली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेविकांची परीक्षा मात्र त्यांचं गावच घेत होतं, आणि तीही एकदाच नव्हे.

हिवरे बाजारात ती परीक्षा दरवर्षी असते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर तिथे चर आणि बंधारे झाले, झाडं लागली. पण गाव तिथे थांबलं नाही. शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, उसासारख्या पाणीखाऊ पिकांना नकार दिला. पावसाळा सरला की किती पडला, विहिरींची पातळी कुठे आली, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाणी कमी भरलं तर रब्बीची पिकं बदलतात. एखादा चर कामाचा निघाला की नाही, हे ताळेबंद मांडणाऱ्यांना त्याच हंगामात कळतं. डिसेंबरात शिबिर आटोपून एसटीने परतलेल्या स्वयंसेवकांना जुलैत कुणी कळवत नाही.